वरचा सुळा वाट चुकतोय का, हे १० व्या वर्षीच्या एक्स-रेत दिसतं

सांजवात | १४ जून, सकाळी ११:२०

आज कपाटातली एक्स-रेची जुनी पाकिटं काढली. लेकीच्या दोन फिल्म, मुलाच्या दोन. खिडकीच्या काचेवर चारही चिकटपट्टीने लावल्या आणि बराच वेळ तिथेच उभी राहिले. मग हा धागा काढायचं ठरवलं.

लेक १० वर्षांची असताना तिची एक दाढ किडली होती. त्यासाठी एका दवाखान्यात पूर्ण जबड्याचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, काढला. दाढेचं काम झालं आणि फिल्म पाकिटात गेली. पुढे बरोबरीच्या मुलींचे सुळे आले, हिचा डावीकडचा दुधाचा सुळा मात्र हलेचना. "येईल गं, काहींना उशिरा येतो," असं सगळे म्हणायचे, मीही तेच म्हणत राहिले. १४ व्या वर्षी तिनेच सांगितलं की सुळ्याशेजारचा पटाशीचा दात हलतोय. नव्या एक्स-रेत दिसलं की पक्का सुळा टाळूच्या बाजूने आडवा झालाय आणि त्याचं टोक त्या पटाशीच्या मुळाला टेकलंय. मुळाचा साधारण एक तृतीयांश भाग विरघळून गेला होता. टाळूकडची हिरडी उघडून सुळ्याला बारीक सोन्याची साखळी चिकटवावी लागली. तारांनी ओढत ओढत तो जागेवर यायला २६ महिने गेले. ती पटाशी अजून टिकून आहे, पण तिच्यावर कायम लक्ष ठेवावं लागणार.

आता खिडकीतली गोष्ट. १० व्या वर्षीची ती जुनी फिल्म मी तेव्हा पाहिली होती, पण दाढेपुरती. आज सुळ्याकडे पाहिलं. उजवा सुळा सरळ उभा, खाली येणारा. डावा तिरका, आणि त्याचं टोक पटाशीच्या मुळावर चढलेलं. म्हणजे चार वर्षं आधी सगळं तिथे लिहिलेलं होतं. ते कोणी वाचलं नाही.

मुलाच्या वेळी म्हणून मी थांबले नाही. त्याचं पुढे लिहीन. ज्यांची मुलं ८ ते ११ वर्षांची आहेत त्यांनी हा धागा वाचावा. आणि इथे कोणी दंतवैद्य असतील तर हे नीट समजावून सांगाल का?

आडवाट | १४ जून, दुपारी १:०५

वाचून पोटात गोळा आला. माझी मुलगी साडेनऊ वर्षांची आहे. तिच्या वरच्या पुढच्या दातांत फट आहे आणि दोन्ही बाजूच्या पटाश्या बाहेरच्या दिशेने पसरल्यासारख्या दिसतात. हे त्याचंच लक्षण का? घरी काही तपासता येतं का, की थेट एक्स-रेच काढायचा?

निवळशंख | १४ जून, रात्री ९:४८

मी ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वाकडे दात जागेवर आणणारी दंतवैद्य आहे, नागपूरला. सांजवात, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. अशी जुनी फिल्म हातात घेऊन बसलेले पालक मी दर काही महिन्यांनी पाहते.

आधी आडवाट यांचा प्रश्न. साडेनऊला पुढे फट असणं आणि पटाश्या पंख्यासारख्या पसरणं बहुतेक वेळा नैसर्गिक असतं. वर हाडात असलेले सुळे खाली उतरताना पटाश्यांच्या मुळांना बाजूने रेटतात, म्हणून दातांची खालची टोकं बाहेर फाकतात. सुळे उतरले की फट आपोआप मिटते. तेव्हा या वयात ती फट बंद करायला घाईने तारा लावू नका. मुळं उलट्या दिशेने वळवली तर ती सुळ्याच्या वाटेत येऊ शकतात.

वरच्या सुळ्याची वाट सगळ्या दातांत लांब. तो तयार होतो नाकपुडीच्या शेजारी, खूप वर. कॅल्शियम भरायला सुरुवात होते बाळ ४-५ महिन्यांचं असताना, आणि तोंडात दिसतो ११-१२ व्या वर्षी. ५ ते १५ या वयात तो जवळपास २२ मिलिमीटर प्रवास करतो. या प्रवासात बाजूच्या पटाशीचं मूळ त्याला कठड्यासारखं असतं, त्याला घासत तो खाली उतरतो. ती पटाशी जन्मतःच नसेल, किंवा खुंटीसारखी बारीक असेल, तर कठडाच नाही आणि सुळा टाळूकडे भरकटण्याची शक्यता वाढते. याला आनुवंशिक बाजूही आहे. ज्या मुलांत पटाश्या बारीक, काही दात जन्मतःच नाहीत, घरात कोणाचा तरी सुळा अडकलेला, त्यांच्यात हा प्रकार जास्त दिसतो. अक्कलदाढेखालोखाल सर्वात जास्त अडकणारा दात हाच. साधारण १०० पैकी १ ते ३ जणांत, आणि मुलींमध्ये मुलांच्या सुमारे दुप्पट.

घरची तपासणी अशी. हात धुवा. मुलाला समोर बसवा. ओठ वर करून तर्जनी दुधाच्या सुळ्याच्या वर, हिरडी आणि ओठ जिथे मिळतात त्या खाचेत फिरवा. तिथे हाडाखाली गुळगुळीत टणक उंचवटा लागतो, तो खाली येणारा सुळा. डावी आणि उजवी दोन्हीकडे पाहा. १० वर्षांपर्यंत बऱ्याच निरोगी मुलांतही तो लागत नाही. पण एकीकडे लागतो आणि दुसरीकडे नाही, हे मात्र सोडून देऊ नका. तीच गोष्ट एकीकडचा पक्का सुळा येऊन सहा महिने झाले तरी दुसरीकडचा दुधाचा घट्ट बसला असेल तर. टाळूवरही बोट फिरवा, कधी उंचवटा तिकडे सापडतो.

सांजवात | १५ जून, सकाळी ७:३०

डॉक्टर, हे असं कोणी आम्हाला आधी सांगितलं असतं तर! आता एक्स-रेवर नेमकं काय पाहायचं तेही सांगा ना. मुलाच्या वेळी डॉक्टरांनी फिल्मवर पेन्सिलने रेघा मारून दाखवलं होतं, मला अर्धंच कळलं.

निवळशंख | १५ जून, रात्री १०:१५

त्या रेघांमागे बराच अभ्यास आहे. स्वीडनमधले एरिक्सन आणि कुरोल या दोघांनी १९८० च्या दशकात शाळकरी मुलांचे सुळे वर्षानुवर्षं तपासले, बोटाने आणि एक्स-रेने. १९८८ साली त्यांनी लिहिलं की टाळूकडे भरकटणाऱ्या सुळ्यासाठी फक्त दुधाचा सुळा वेळेवर काढला तर काय होतं. मुलं १० ते १३ वर्षांची, सुळे ४६. त्यातले ३६ नीट वाटेवर आले. पण खरी मोलाची गोष्ट त्यांच्या पुढच्या आकड्यात आहे. सुळ्याचं टोक पटाशीच्या मुळाच्या मध्यरेषेपर्यंत पोचलेलं नसेल तर ९१ टक्के सुळे सुधारले. मध्यरेषा ओलांडून चेहऱ्याच्या मध्याकडे गेलं असेल तर ६४ टक्केच. म्हणजे फिल्मवरच्या एका रेषेवरून पुढचा अंदाज बांधता येतो.

पुढे १९९२ मध्ये लिंडॉअर आणि सहकाऱ्यांनी ओपीजीवर याचे चार पट्टे केले. समजा बाजूच्या पटाशीचं मूळ म्हणजे एक उभी पट्टी. तिच्या दोन्ही कडांना उभ्या रेघा मारा आणि बरोबर मधून एक. सुळ्याचं टोक पटाशीच्या मुळाच्या बाहेर, दाढांच्या बाजूला असेल तर पहिला पट्टा. मुळाच्या बाहेरच्या अर्ध्यावर चढलं असेल तर दुसरा. आतल्या अर्ध्यावर तिसरा. पूर्ण ओलांडून मधल्या पटाशीकडे गेलं तर चौथा. पुढे अडकलेल्या सुळ्यांपैकी ७८ टक्क्यांचं टोक दुसऱ्या ते चौथ्या पट्ट्यात होतं. याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या: २२ टक्के पहिल्या पट्ट्यात असूनही अडकले. म्हणून एका चांगल्या फिल्मवर निर्धास्त होऊन बोटाची तपासणी सोडायची नाही.

कोनही मोजतात, सुळ्याचा अक्ष आणि चेहऱ्याच्या मध्यरेषेतला. ३१ अंशांच्या पुढे गेला की दुधाचा दात काढूनही सुळा खाली येण्याची शक्यता घटते, असं १९९३ च्या एका अभ्यासात आढळलं. पण नंतरच्या कामात दिसलं की पट्टा कळल्यावर कोन फारशी नवी माहिती देत नाही. मीही आधी पट्टाच पाहते.

एक सावधगिरी. ८-९ वर्षांच्या मुलात टोक पटाशीच्या मुळावर चढलेलं दिसलं तर घाबरू नका. त्या वयात पटाशीचं मूळ पूर्ण झालेलं नसतं आणि असं आच्छादन नेहमी दिसतं. मूळ पूर्ण झाल्यावरही ते तसंच राहिलं तर ते बोलकं ठरतं.

तांबडमाती | १६ जून, दुपारी १२:४०

माहिती छान आहे, पण सगळ्या मुलांचे दहाव्या वर्षी एक्स-रे काढत सुटायचं का? लहान मुलांना किरणोत्सर्ग नको म्हणून आम्ही पालक जपतो. माझ्या पुतण्याचा एका ठिकाणी पहिल्याच भेटीत थ्रीडी स्कॅन काढला, काही कारण न सांगता. मला ते खटकलं.

कवडसा | १६ जून, सायंकाळी ६:१०

मी कोल्हापूरला एक्स-रे सेंटरवर काम करतो, गेली १६ वर्षं. तुमचा प्रश्न रास्त आहे.

एका ओपीजीचा डोस साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं एकक) धरतात. जमीन, हवा, आकाश यातून प्रत्येकाला वर्षाला जगाच्या सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट मिळतोच. हिशेब केला तर ओपीजी म्हणजे साधारण तीन दिवसांचा नैसर्गिक डोस. एका दाताची छोटी फिल्म त्याहून बरीच कमी. थ्रीडीचा मात्र यंत्रावर आणि किती भाग घेतला त्यावर ठरतो, आणि ओपीजीच्या कित्येक पट होऊ शकतो. म्हणून तो प्रत्येकाचा काढायचा नाही. नेमकं काय पाहायचंय हे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेलं असावं आणि तेवढाच छोटा भाग घ्यावा. पालकांनी विचारायला अजिबात संकोचू नये.

आता आमच्या बाजूचं एक सांगतो, कारण अंदाज चुकतो तो बऱ्याचदा इथे. ओपीजीत यंत्र डोक्याभोवती फिरतं. पोरानं पुढच्या दातांनी प्लॅस्टिकच्या दांडीच्या खाचेत चावून धरायचं, हनुवटी टेकवायची, मान सरळ, जीभ टाळूला लावायची आणि पंधरा-वीस सेकंद हलायचं नाही. लहान पोरं खाचेत न चावता मागं-पुढं चावतात, की पुढचे दात एकदम रुंद नाहीतर एकदम बारीक येतात. डोकं एका बाजूला वळलं की एकीकडचा सुळा मोठा, दुसरीकडचा छोटा दिसतो. अशा फिल्मवर रेघा मारून काय उपयोग? मी पोरांना आधी एकदा यंत्र नुसतं फिरवून दाखवतो, किरण न सोडता. मग शांत उभी राहतात. आणि सेंटरवरून फक्त कागदी प्रिंट घेऊन जाऊ नका, मूळ डिजिटल फाईल मागा. प्रिंटवर कोन मोजणं अवघड.

निवळशंख | १६ जून, रात्री ९:३०

कवडसा यांनी लिहिलेलं प्रत्येक वाक्य खरं आहे. यात भर म्हणून: ओपीजीवर सुळा टाळूकडे आहे की ओठाकडे हे थेट कळत नाही, कारण ती सपाट सावली असते. टाळूकडचा सुळा शेजारच्या दातांपेक्षा मोठा आणि धूसर दिसतो एवढा इशारा मिळतो. खात्री करायची जुनी आणि स्वस्त पद्धत म्हणजे त्याच भागाच्या दोन छोट्या फिल्म, दुसऱ्या वेळी एक्स-रे यंत्राची नळी थोडी बाजूला सरकवून. नळी ज्या दिशेला सरकली त्याच दिशेला सुळा सरकलेला दिसला तर तो टाळूकडे, उलट दिशेला सरकला तर ओठाकडे. १९१० पासून ही युक्ती वापरात आहे. बऱ्याच मुलांत एवढ्यावर भागतं.

तांबडमाती, सरसकट एक्स-रे नकोच. आधी बोट. एक्स-रे काढायचा तो १० च्या पुढे उंचवटा लागत नसेल, दोन्ही बाजूंत फरक असेल, पटाशी वाकडी किंवा बारीक असेल किंवा घरात इतिहास असेल तेव्हा. थ्रीडी काढायचा तो शस्त्रक्रिया ठरवताना किंवा मुळाची झीज झाल्याचा संशय असताना. तिथे त्याची खरंच गरज असते: एरिक्सन आणि कुरोल यांनी २००० साली सीटी स्कॅनवर पाहिलं तेव्हा भरकटलेल्या सुळ्यांच्या शेजारच्या बाजूच्या पटाश्यांपैकी ३८ टक्क्यांच्या मुळांची झीज झालेली आढळली. साध्या फिल्मवर त्यातली कितीतरी दिसत नाही.

दशमी | १७ जून, सकाळी १०:५५

मी म्हापशाची. वय ३१. माझ्या तोंडात अजून उजवीकडचा दुधाचा सुळा आहे. लहानपणी आजी म्हणायची, दुधाचा दात टिकला तर नशीब चांगलं, त्याला हात लावू नका. गेल्या वर्षी बांबोळीच्या गोवा डेंटल कॉलेजात दाखवलं तेव्हा कळलं की पक्का सुळा वर आडवा पडलाय. या वयात तो ओढून आणणं कठीण जाईल, तो हाडाला चिकटला असण्याचीही शक्यता आहे, असं त्यांनी नीट समजावलं. मी सध्या दुधाच्या दातावरच आहे, दर वर्षी एक्स-रेने पाहतात. आजीवर राग नाही, तिला कोण सांगणार होतं? पण माझ्या भाचीच्या हिरडीवर मी आज संध्याकाळीच बोट फिरवणार आहे.

उत्तरवारा | १७ जून, रात्री ११:२०

आम्ही स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला असतो. एरिक्सन-कुरोलचं नाव वाचून लिहावंसं वाटलं. इथे मुलांची दंतसेवा मोफत आहे आणि तपासणीचं बोलावणं घरी येतं. मुलगा नऊ वर्षांचा असताना तपासणाऱ्या बाईंनी दोन्ही बाजूंना बोट फिरवून नोंदीत काहीतरी लिहिलं. मी विचारलं तर म्हणाल्या, सुळे शोधतेय, या वयात प्रत्येकाचे शोधतो. अर्ध्या मिनिटाचं काम. आपल्याकडे शाळेत डोळे तपासतात, कीड तपासतात, त्या शिबिरात हे अर्धं मिनिट का असू नये?

आडवाट | १८ जून, सकाळी ८:१५

डॉक्टर, एक शंका आहे. दुधाचा सुळा काढल्यावर ४६ पैकी ३६, म्हणजे ७८ टक्के सुधारले म्हणता, पण न काढताही काही आलेच असते ना? मग लेकराचा घट्ट दात उगाच काढला असं व्हायला नको.

निवळशंख | १८ जून, रात्री १०:०५

फार योग्य शंका. १९८८ च्या त्या कामात तुलनेला दात न काढलेला गट नव्हता, ही त्याची उणीव. २०१५ साली स्वीडनमधूनच ती भरून निघाली. १० ते १३ वर्षांची ६७ मुलं, कोणाचा दात काढायचा ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. काढला तिथे ६९ टक्के सुळे खाली आले, नाही काढला तिथे ३९ टक्के. म्हणजे फायदा खरा आहे, पण जुन्या आकड्यावरून वाटतो तेवढा मोठा नाही, आणि दर दहा जणांत जवळपास चौघांचा सुळा स्वतःहूनही येतो.

म्हणून मी पट्टा पाहून ठरवते. पहिल्या पट्ट्यात असेल, कोन बरा असेल, तर सहा महिने थांबून पुन्हा पाहते. दुसऱ्यात असेल, वय १० ते १२, जागा पुरेशी, तर दुधाचा सुळा काढायला सांगते. इथे मात्र चालढकल नको, वय पुढे गेलं की यश घटतं. चौथ्यात असेल तर नुसता दात काढून फार आशा ठेवत नाही, पालकांना साखळीच्या शस्त्रक्रियेची कल्पना तेव्हाच देते. जबडा अरुंद असेल तर आधी तो रुंद करण्याचा विचार करावा लागतो. दात काढल्यावर सहा महिन्यांनी पाहायचं, आणि १२ महिन्यांत सुधारणा दिसली नाही तर पुढचा मार्ग धरायचा. दात काढून वर्षानुवर्षं विसरून जाणं सर्वात वाईट.

कवडसा | १९ जून, दुपारी ३:२५

आमच्याकडे हल्ली कंपन्यांची माणसं येतात, संगणक ओपीजी पाहून सुळा अडकणार की नाही ते सांगेल म्हणतात. डॉक्टर, यात तथ्य किती?

निवळशंख | १९ जून, रात्री ९:५०

तथ्य आहे, आणि मला त्याची उत्सुकताही आहे. संगणक बहुधा तेच पाहतो जे आपण रेघा मारून पाहतो: टोक कुठे, कोन किती, पटाशीचं मूळ कसं. तो थकत नाही आणि दाढेसाठी काढलेल्या फिल्मवरही सुळ्याकडे बोट दाखवू शकतो. सांजवात यांच्या लेकीच्या बाबतीत नेमकं तेच राहून गेलं. माझी अट एकच, तो आपल्या मुलांच्या फिल्मवर तपासलेला असावा. युरोपातल्या अभ्यासांत अडकलेले बहुतेक सुळे टाळूकडे असतात, पूर्व आशियातल्या मुलांत ओठाकडचे जास्त. ओठाकडचा सुळा अडकतो तो मुख्यतः जागा नाही म्हणून, टाळूकडचा पुरेशी जागा असूनही. एकावर शिकलेला अंदाज दुसऱ्याला जसाच्या तसा लागू पडेल असं मी धरून चालणार नाही. आणि मुळात फिल्म वाकडी आली असेल तर संगणकही वाकडंच सांगणार.

सांजवात | २१ जून, सकाळी ९:४०

मुलाचं सांगायचं राहिलं होतं. तो १० वर्षं २ महिन्यांचा असताना मी पहिल्यांदा बोट लावलं. डावीकडे उंचवटा स्पष्ट, उजवीकडे काही नाही. दुसऱ्याच आठवड्यात दाखवलं. ओपीजीत उजवा सुळा दुसऱ्या पट्ट्यात, हे आता तुमच्यामुळे नावानिशी कळलं. दुधाचा सुळा काढला, सुई टोचताना माझा हात घट्ट धरून होता, बाहेर येऊन आइस्क्रीम मागितलं. नऊ महिने झालेत. दुसऱ्या फिल्ममध्ये टोक मुळावरून बाजूला सरकलंय, जवळजवळ कडेला. हिरडीत अजून हाताला लागत नाही. पुढची तपासणी ऑगस्टमध्ये.

लेक आता १७ ची आहे. काल हा धागा तिने वाचला आणि म्हणाली, माझी १० व्या वर्षीची फिल्म इथे टाक, नाव झाकून, लोकांना पट्टे कळतील. संध्याकाळी फोटो काढून टाकते. डॉक्टर, त्यावर रेघा मारून द्याल?

निवळशंख | २१ जून, दुपारी २:१०

नक्की देते. लेकीला माझे आभार सांगा. फोटो काढताना फिल्म खिडकीवर सपाट धरा आणि डावी-उजवी खूण फोटोत येऊ द्या, उलटी लागली तर सगळे चुकीचा सुळा पाहत बसतील.

आडवाट | २१ जून, रात्री ८:३५

आज मुलीला खिडकीपाशी बसवून पाहिलं. उजवीकडे लागतो, वाटाण्याएवढा. डावीकडे लागतोय असं मला वाटतं, बायकोला नाही वाटत. शनिवारची वेळ घेतली आहे. दोन वर्षांपूर्वी कीड पाहायला काढलेली एक छोटी फिल्म घरात कुठेतरी आहे, ती शोधतोय.